फोन तुमचा, दुकान कोणाचं?

नाशिकच्या एमजी रोडवरून नवा अँड्रॉइड फोन घ्या, चालू करा. क्रोम, यूट्यूब, मॅप्स, सर्चची पट्टी, प्ले स्टोअर, सगळं आधीच हजर. तुम्ही मागितलं होतं का? नाही ना.

याचं उत्तर आपल्या जिल्ह्यातला कुठलाही शेतकरी देईल. युरियाची गोणी हवी तर सोबत हे दुसरं खतही घ्या, याला आपल्याकडे ‘लिंकिंग’ म्हणतात. फोनचंही तसंच. अँड्रॉइड फुकट आहे, ते घेऊन कोणीही फोन बनवू शकतं. प्ले स्टोअर मात्र त्यात येत नाही, त्यासाठी गूगलशी वेगळा करार लागतो. आणि प्ले स्टोअर नसलेला फोन आपल्याकडे घेणार कोण? मग 2022 पर्यंत कंपनी सही करायची आणि गूगलच्या ॲप्सचा अख्खा संच फोनमध्ये बसायचा.

भारतीय स्पर्धा आयोगाने 20 ऑक्टोबर 2022 ला याबद्दल गूगलला 1,337.76 कोटींचा दंड लावला. पाचच दिवसांनी आणखी 936.44 कोटी, या वेळी प्ले स्टोअरच्या पेमेंटच्या नियमांवरून.

दंडाचे आकडे गाजले. पण आपल्या कामाची गोष्ट वेगळीच होती. आयोगाचे आदेश होते की आधीच आलेली ॲप्स काढून टाकता यावीत, आणि प्ले स्टोअरवरूनच दुसरं ॲप स्टोअरही डाउनलोड करता यावं. 29 मार्च 2023 ला एनसीएलएटी या अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि नेमके हे दोन्ही आदेश रद्द केले! म्हणून आजही बऱ्याच ॲप्सवर ‘अनइन्स्टॉल’ऐवजी ‘डिसेबल’च दिसतं.

आता पैशांचं बघू. समजा, नाशिकच्या तीन मित्रांनी किल्ल्यांच्या गोष्टींचं ऑडिओ ॲप काढलं, महिना 100 रुपये. गूगलच्या बिलिंगने सबस्क्रिप्शन घेतलं तर 15 रुपये कमिशन. दुसरी पेमेंट सोय दिली तरी सूट फक्त 4 टक्क्यांची, म्हणजे 11 रुपये जातातच. वर त्या पेमेंटवाल्याचा खर्च वेगळा.

नाही दिले तर? 1 मार्च 2024 ला कुकू एफएम, शादी डॉट कॉम, नोकरी डॉट कॉम अशी ॲप्स प्ले स्टोअरवरून गायब झाली. कुकू एफएमवर मराठीही ऐकता येतं, म्हणजे आपल्यापैकी काहींच्या कानाशीच आलं हे. ज्यांच्या फोनमध्ये ॲप होतं त्यांचं चालू राहिलं, पण नवा श्रोता येण्याचा दरवाजा बंद. केंद्र सरकार मध्ये पडल्यावर काही दिवसांत ती परत आली.

गूगल म्हणतं, हे सुरक्षेसाठी आहे. त्यात तथ्य आहे बरं का. ‘आरटीओ चलान’च्या नावाने व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फाइलने किती जणांची खाती रिकामी केली, ते पेपरात वाचतोच आपण. पण गेटवर वॉचमन हवा, हे मान्य केलं म्हणून त्याने आतल्या प्रत्येक दुकानाकडून विक्रीतला वाटा घ्यावा, हे मला पटत नाही.

पर्याय आहेत, अगदीच नाहीत असं नाही. फोनपेने फेब्रुवारी 2024 मध्ये इंडस ॲपस्टोअर आणलं, त्यात मराठीही आहे. पण ते प्ले स्टोअरवर मिळत नाही. फोनमध्ये आधीच नसेल तर वेबसाइटवरून फाइल उतरवायची, मग ‘अनोळखी ॲप’ची धोक्याची सूचना पार करायची. आई-बाबा तिथेच फोन खाली ठेवतात.

पेमेंटचा दंड 28 मार्च 2025 ला 216.69 कोटींवर आला. दोन्ही प्रकरणं पुढे सुप्रीम कोर्टात गेली आहेत.