मन आणि संसार : भाग ६ — केसपेपरवर नाव

वडाळ्याहून शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय जवळ, परळचं केईएमही लांब नाही. दोन्ही महापालिकेची, दोन्हीकडे मनोविकार विभाग. खासगी तज्ज्ञाची फी परवडत नाही, ही अडचण मागच्या भागात पाहिली. आज तिच्याइतकीच जुनी दुसरी अडचण. नवरा-बायकोचं बोलणं महिनोन्‌महिने बंद, रात्रीची झोप उडालेली, तरी दोघांतलं एकजण, बहुधा बायको, म्हणते, ‘नको. तिथे नाव लागलं की उद्या कोर्टात मला वेडी ठरवतील.’

ही भीती उगाच नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यातल्या १३व्या कलमात जोडीदाराचा मनोविकार हे घटस्फोटाचं एक कारण आजही आहे. त्याच कलमात कुष्ठरोगही होता. वडाळ्यात अ‍ॅकवर्थ कुष्ठरुग्णालय १८९०पासून आहे. त्या आजाराचं नाव घेताना आवाज कसा खाली जायचा, हे इथल्या जुन्या माणसांना वेगळं सांगायला नको. कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो हे १९८०च्या दशकातच सिद्ध झालं होतं, पण ते कारण कायद्यातून जायला २०१९ उजाडलं. तोवर माणसं आजार लपवत राहिली. लपवण्यापायी कुष्ठरोगात बोटं गेली. नैराश्यात संसार जातो, कधी जीवही. म्हणून या भीतीला नुसतं ‘घाबरू नका’ म्हणून वाटेला लावणं मला पटत नाही. तिला कायद्यातूनच उत्तर द्यायला हवं.

ते कलम पुढे वाचलं की दिसतं : विकार अशा स्वरूपाचा आणि इतका तीव्र हवा की त्या माणसासोबत राहण्याची अपेक्षाच जोडीदाराकडून रास्तपणे करता येऊ नये. नुसता आजार असणं पुरेसं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केलं. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आणखी पुढे जातो. मनोविकाराचं निदान झालं एवढ्यावरून कुणी वेडसर ठरत नाही. ते ठरवण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचाच. निदान, उपचार, बोलणं, सगळं गोपनीय ठेवणं डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञांवर बंधनकारक आहे. अपवाद मोजके : उदाहरणार्थ, कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा अधिकृत आदेश आला असेल तर. मात्र समुपदेशक म्हणून पाटी कुणीही लावतं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा. त्यात संकोच कसला?

आणि वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात प्रकरण गेलंच, तर तिथेही जोडप्याची गाठ आधी समुपदेशकाशीच घालून दिली जाते. म्हणजे जे बोलणं वकिलाची फी भरून, मनं पार विटल्यावर करायचं, ते आधीच करता आलं असतं.

२०१७च्या त्या कायद्यातली एक तरतूद फारशी कुणी सांगत नाही. उपचारांची माहिती मिळण्याचा हक्क ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ला असतो, आणि तो रुग्णाने निवडायचा असतो. नवराच हवा असं नाही. बहीण चालेल, मैत्रीण चालेल. व्यक्ती सज्ञान हवी. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा पुरतो. कुणाचंच नाव दिलं नसेल तर मात्र कायदा नातेवाइकाकडे वळतो. तेव्हा ज्यांचं भांडणच घरात आहे त्यांनी हा कागद पहिल्या भेटीलाच सोबत न्यावा.