गिऱ्हाईक कुणाचं?

आमगावात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा ही कामं बारमाही. धान निघाला की मात्र बचत गटांच्या बाया येतात आणि म्हणतात, "भाऊ, आमचा तांदूळ मोबाइलवर टाकून द्या." एचएमटी, जय श्रीराम या जातींचा तांदूळ, कधी मोहाचे लाडू. माल चोख असतो. प्रश्न असतो तो दुकान कुणाच्या जागेत मांडायचं, हा.

मोठ्या ऑनलाइन बाजारात कमिशन किती, परत आलेल्या मालाचा भुर्दंड कुणावर, कुणाचा तांदूळ आधी दिसणार, हे सगळं बाजारवाली कंपनी ठरवते. गिऱ्हाइकाचा नंबर गटाला मिळत नाही. इकडच्या एका गटाचं खातं कागदपत्रांच्या तपासणीत बंद पडलं आणि मेहनतीनं मिळवलेले चांगले अभिप्रायही त्याबरोबर गेले. गावात पत अशी एका दिवसात कुणी हिरावून घेऊ शकत नाही.

म्हणूनच मला ओएनडीसी (ओपन नेटवर्क फॉर डिजिटल कॉमर्स) महत्त्वाचं वाटतं. केंद्र सरकारच्या पुढाकारानं डिसेंबर २०२१ मध्ये ही ना-नफा कंपनी नोंदली गेली आणि एप्रिल २०२२ पासून पाच शहरांत चाचणी सुरू झाली. ओएनडीसी म्हणजे आणखी एक ॲप नव्हे. वेगवेगळ्या ॲपांनी एकमेकांशी कसं बोलायचं, याचे ते सामाईक नियम आहेत. नियमांचा पाया 'बेक्न' नावाचा. तो घालणाऱ्यांत नंदन निलेकणी आणि प्रमोद वर्मा होते. गटाची यादी एका विक्रेता ॲपवर चढते, पुण्यातली बाई दुसऱ्याच कंपनीच्या ॲपवर तांदूळ शोधते, आणि माल पोहोचवणारा तिसराच असतो. फोनपेवरून गुगल पेवर पैसे जातात, तसंच हे.

हे समजावताना एका काकूंनी विचारलं, "मंग आपलं गिऱ्हाईक आपलंच राहीन का जी?" प्रश्न अगदी नेमका आहे. विक्रेता ॲप पटलं नाही तर दुसरं धरता येतं आणि तरीही त्याच गिऱ्हाइकांना दिसता येतं, एवढं खरं. पण अभिप्रायही दुकानदाराबरोबर हलले पाहिजेत, असा माझा आग्रह आहे. नाहीतर मोकळ्या रस्त्यावरही दोनचार कंपन्याच नाके बसवतात. यूपीआयचंच बघा: जाळं सगळ्यांना खुलं, तरी सुमारे ८० टक्के व्यवहार दोन ॲपांवरून होतात. एका ॲपकडे ३० टक्क्यांहून जास्त व्यवहार नकोत, हा २०२० मध्ये ठरलेला नियम लागू करण्याची मुदत सरकत सरकत २०२६ अखेरपर्यंत गेली आहे.

समाजमाध्यमांचीही तीच गोष्ट. 'कू' आपल्या देशातलं, मराठीतही चालणारं. जुलै २०२४ मध्ये बंद होत असल्याचं जाहीर झालं आणि तिथं जमवलेली माणसं तिथंच राहिली. देशी की परदेशी, यानं फार फरक पडत नाही. २०१६ मध्ये जर्मनीत सुरू झालेल्या मॅस्टोडॉनवर एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर गेलात, तर फॉलोअर सोबत नेता येतात. जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात.

आमच्या गटांना याहून रोजची अडचण आहे ती वजनाची. पाच किलोची पिशवी पुण्याला धाडायची, तर कुरिअरचाच खर्च भावाला झोंबतो. खुल्या जाळ्यानं तांदूळ हलका होत नाही. म्हणून जवळचं गिऱ्हाईक हवं, आणि आमचं जवळचं गिऱ्हाईक आहे राज्याच्या सीमेपलीकडे, लांजी, बालाघाट, डोंगरगडला. सोयरेही तिकडेच. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना जीएसटी नोंदणीशिवाय ऑनलाइन विकायची जी सवलत मिळाली, ती राज्याच्या आतच. लेबल लावलेली पिशवी ऑनलाइन पुण्याला चालते. लांजीसाठी नोंदणी करा, विवरणपत्रं भरत बसा. सीमेवरच्या जिल्ह्यांतल्या गटांना ही सवलत शेजारच्या राज्यांपर्यंत मिळायला हवी. तसा अर्ज मी गटांसाठी लिहून ठेवला आहे. सह्या गोळा होत आहेत.