हिवाळी हमिंगबर्ड आणि दीड मिलिमीटरचं कडं

अमेरिकेच्या पूर्व भागात हमिंगबर्डची एकच जात वीण करते, रूबी-थ्रोटेड. सप्टेंबर-ऑक्टोबरात हे पक्षी मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडे निघून जातात आणि लोक अंगणातले साखरपाण्याचे फीडर धुऊन आत ठेवतात. फीडर तसाच राहिला तर पक्षी खाण्याच्या लोभाने अडकून पडेल आणि थंडीत मरेल, अशी समजूत यामागे आहे. तिला काही आधार नाही. पक्ष्याला निघायची वेळ कळते ती घटत्या दिवसमानावरून. भांडंभर साखरपाण्यासाठी तो आपलं स्थलांतर रद्द करत नाही.

ज्यांनी फीडर काढले नाहीत त्यांच्याकडे मात्र नोव्हेंबरनंतर कोणी तरी येऊ लागलं. हा पक्षी बहुतेक वेळा रूबी-थ्रोटेड नसे. तो असे रूफस: तांबूस अंगाचा, भांडखोर, ओरेगॉनपासून अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंत वीण करणारा. त्याच्या बहुतेक भाईबंदांनी हिवाळ्यासाठी मेक्सिको गाठलेलं असताना हा लुइझियानातल्या कुणाच्या तरी परसात काय करतो आहे? वाट चुकला असेल, फार दिवस टिकायचा नाही, असं जाणकारही म्हणत.

नॅन्सी न्यूफील्ड यांना हे उत्तर पुरेसं वाटलं नाही. न्यू ऑर्लिन्सला लागून असलेल्या मेटॅरीत राहणाऱ्या या बाईंनी 1970च्या दशकाच्या शेवटी अशा पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी चढवायला सुरुवात केली. पुढे अलाबामात बॉब आणि मार्था सार्जंट या जोडप्याने ‘हमर/बर्ड स्टडी ग्रुप’ उभा केला, शेकडो घरमालकांना या नादी लावलं आणि नवे बँडर, म्हणजे कडी चढवणारे, घडवले. बॉब पेशाने इलेक्ट्रिशियन होते. 2014मध्ये ते गेले. या विषयाची वाट विद्यापीठांपेक्षा अशा हौशी लोकांनीच अधिक पाडली आहे, आणि मला त्याचंच अप्रूप आहे.

हे काम म्हणजे सोनाराची कारागिरी. रूफसचं वजन आपल्या एक रुपयाच्या नाण्याइतकं. त्याच्या पायासाठीचं कडं कुठे तयार मिळत नाही. मेरीलँडमधल्या सरकारी बर्ड बँडिंग लॅबोरेटरीकडून क्रमांक छापलेला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा येतो. बँडर त्यातून जेमतेम साडेपाच मिलिमीटर लांब आणि सुमारे दीड मिलिमीटर उंच पट्टी कापतो, पायाला कड लागू नये म्हणून ती घासून गुळगुळीत करतो आणि वाकवून गोल करतो. एक अक्षर आणि पाच आकडे. वाचायला भिंग लागतं.

पकडण्याची रीत साधी आहे. नेहमीचा फीडर जाळीच्या पिंजऱ्यात टांगायचा, दार उघडं ठेवायचं आणि दोरी किंवा रिमोट हातात घेऊन थोडं लांब बसायचं. पक्षी प्यायला आत शिरला की दार पडतं. मग घाई. पंख, शेपूट आणि चोच मोजली जाते. चोचीवर भिंगातून बारीक चरे दिसले तर पक्षी त्याच वर्षीचा. वय वाढतं तशी चोच गुळगुळीत होते. नळीने पोटावर फुंकर घालून पिसं बाजूला सारली की कातडीखालची चरबी दिसते, म्हणजे प्रवासाची शिदोरी किती साठली ते कळतं. रूफस की दिसायला तिच्यासारखीच असलेली ॲलन्स ही जात, हा वाद शेपटीच्या एकेका पिसाच्या आकारावरून सुटतो. दुरून पाहून, निदान मादी आणि पिल्लांच्या बाबतीत, तो सुटत नाही. पक्षी हातात घ्यावा लागण्याचं हे एक सबळ कारण. शेवटी त्याला पुन्हा साखरपाणी पाजून सोडतात. सोडायचा मान बऱ्याचदा घरमालकाचा असतो. तळहातावर क्षणभर एक सलग थरथर जाणवते. ते त्याचं हृदय.

इतक्या लहान जिवाला असं हाताळावं का, हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच संघराज्याचा परवाना आणि हमिंगबर्डसाठीची वेगळी परवानगी असल्याशिवाय कुणालाही हे करता येत नाही. पण हाती काय लागलं तेही पाहावं. ‘वाट चुकलेले’ पक्षी पुढच्या हिवाळ्यात त्याच परसात, त्याच फीडरवर, पायातल्या त्याच क्रमांकासह हजर झाले. काही तर वर्षानुवर्षं येत राहिले. 13 जानेवारी 2010 रोजी फ्लोरिडातल्या टॅलाहासीत कडं घातलेली एक रूफस मादी त्याच वर्षी 28 जूनला अलास्कातल्या चेनेगा बे इथे पुन्हा पकडली गेली. दोन ठिकाणांमधलं सरळ अंतर साडेपाच हजार किलोमीटरहून जास्त. हिला वाट चुकलेली कोण म्हणेल?

पूर्वेकडे हिवाळी पक्षी खरंच वाढले, की पाहणारे डोळे आणि टांगलेले फीडर वाढले? दोन्ही थोडं थोडं असावं, असं मला वाटतं. नुसती कडी मोजून याचा निकाल लागणार नाही.

थंडीचं म्हणाल तर रूफस चिवट आहे. गारठ्याच्या रात्री तो शरीराचं तापमान उतरवून जवळजवळ निश्चेष्ट पडून राहतो आणि सकाळी पुन्हा तापतो. साखरपाण्याबरोबर बारीक किडेही टिपतो. प्रथिनं तिथूनच मिळतात. परसात साल्व्हिया किंवा आपल्या मिरची जास्वंदीचं झुडूप असेल तर तो थांबण्याची शक्यता वाढते.

हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत सापडतात. आपल्याकडे जास्वंदीवर दिसतो तो शिंजीर, त्याचं कूळ निराळं. कडी घालण्याचं काम मात्र आपल्याला नवं नाही. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने (बीएनएचएस) हजारो स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत ती घातली आहेत.

ह्यूस्टन, अटलांटा, शार्लट या बाजूला राहणाऱ्या मराठी मंडळींना एक विनंती. ऑक्टोबर संपला तरी एक फीडर बाहेर राहू द्या. एक भाग साधी पांढरी साखर, चार भाग पाणी. लाल रंग नको, मध नको, गूळही नको. दर काही दिवसांनी भांडं धुवा आणि पाणी गोठायची वेळ आली तर रात्री आत घेऊन पहाटे उजाडायच्या आत पुन्हा टांगा. नोव्हेंबरच्या मध्यानंतर कुणी आलंच तर फोटो काढा आणि जवळच्या परवानाधारक बँडरला कळवा.