मातीचा गोळा, पिठाचा गोळा

राजस्थानातील मोलेला गावचे कुंभार देवतांच्या मृण्मय प्रतिमा घडविताना मातीत गाढवाची लीद मिसळतात. लिदीतील तंतूंमुळे माती वाळताना सहसा तडकत नाही. भट्टीत ते जळून जातात व मागे उरलेल्या सूक्ष्म छिद्रांतून वाफेला वाट मिळते. मुलांसाठी माती मळताना भाताचा बारीक कोंडा हेच काम करील.

माती दुर्मिळ असलेल्या शहरी घरात दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि सुमारे वाटीभर पाणी पुरते. पाणी थोडेथोडेच घालावे. चमचाभर तेलाने गोळा हाताला चिकटत नाही. हळदीने रंग येतो. मिठामुळे बुरशी लवकर धरत नाही, परंतु पावसाळ्यात तेच मीठ हवेतील ओलावा शोषून घेते आणि उन्हाळ्यात कडक वाळलेला हत्ती पायांतून खचतो. याहून गंभीर गोष्ट अशी की, एवढे मीठ पोटात गेल्यास लहान मुलाला अपाय होतो, क्वचित जिवावरही बेतते. म्हणून हाती येईल ते तोंडात घालणाऱ्या मुलाला हा गोळा मुळीच देऊ नये. त्याला पोळ्यांच्या कणकेतील बिनमिठाचा एक उंडा, तोही वडीलधाऱ्यांच्या देखत, पुरे. तो दुसऱ्या दिवशी आंबेल. पण त्या वयात कालच्या चिमणीची आठवण कोणाला असते?