हापूस परदेशी धाडायचा, तर फळमाशी बागेतच रोखा



वाशीच्या बाजारात हापूसची आवक वाढली की भाव उतरतो. अशा वेळी परदेशची पेठ हाताशी असलेली बरी. पण तिथं एका फळात अळी निघाली, तरी सारी खेप अडू शकते. १ मे २०१४ पासून युरोपीय संघानं भारतीय आंबा घेणं बंद केलं, ते फळमाशीपायीच. ज्यांच्या बागा स्वच्छ होत्या, त्यांचाही माल अडला. २०१५ मध्ये ही बंदी उठली.

मादी माशी तयार होत आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळी गर खाते, फळ गळतं. मग अळी मातीत शिरून कोषात जाते आणि त्यातून नवी माशी निघते. ही साखळी तोडायची, ती अशी :

१. गळलेली फळं रोज वेचून खोल खड्ड्यात पुरावीत. बांधावर टाकू नयेत.

२. मिथिल युजेनॉलचे रक्षक सापळे लावावेत. त्यात फक्त नर अडकतात, म्हणून शेजारच्या बागेतही सापळे हवेत.

३. तयार फळं झेल्यानं देठासह उतरवावीत.

४. मँगोनेटमध्ये बागेची नोंदणी करून फवारणीची वही ठेवावी.

युरोपला जाणारा आंबा सुविधा केंद्रात ठरावीक वेळ गरम पाण्यात ठेवतात. त्यानं अळी मरते, पण किडलेलं फळ काही चांगलं होत नाही. तेव्हा खरी राखण बागेतच!

नोंदणीसाठी आपल्या तालुका कृषी अधिकाऱ्यांना भेटा.