भुलीतला गारठा

घरच्या कुत्रीची नसबंदीची शस्त्रक्रिया चालू आहे आणि तापमापक ९८.६ अंश फॅरनहाइट दाखवतो आहे, असे समजा. आकडा ओळखीचा, म्हणून आपण निर्धास्त होऊ. पण तो आकडा माणसाचा. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश असते. म्हणजे ही कुत्री गारठू लागली आहे.

एरवी थंडी वाजली की जनावर कुडकुडते, अंगाचे मुटकुळे करते, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसून आतली ऊब राखते. भूल ही तिन्ही साधने काढून घेते. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि गाभ्यातली ऊब कातडीकडे वाहते. म्हणून पहिल्या तासातच तापमान झपाट्याने उतरते. त्यात भादरलेले पोट, स्पिरिटचा ओलावा, धातूचे टेबल आणि नळीतून येणारा कोरडा, थंड प्राणवायू यांची भर. मांजर किंवा लहान पिलू असेल तर वजनाच्या मानाने कातडी जास्त, म्हणून ऊबही लवकर जाते.

शरीर गार पडले की यकृतातून औषधाचा निचरा मंदावतो आणि भुलीची गरजही घटते. सुरुवातीला योग्य असलेली मात्रा पुढे जास्त ठरते. हृदयाचे ठोके मंदावतात, रक्त उशिरा गोठते, शुद्धही उशिरा येते.

कानाला हात लावून हे कळत नाही. अन्ननलिकेत हृदयाजवळपर्यंत सरकवलेली संवेदक तार गाभ्याचे तापमान सतत दाखवते. ती नसेल तर गुदद्वारात तापमापक लावून दर पंधरा मिनिटांनी नोंद करावी. उबदार हवेचे पांघरूण सुरुवातीपासूनच घालावे. गरम पाण्याची पिशवी मात्र अंगाला थेट लावू नये. भुलीतले जनावर चटका बसला तरी अंग काढून घेऊ शकत नाही. ऊब देतानाही तापमान पाहत राहावे, कारण ते प्रमाणाबाहेर चढणेही घातकच.

शेवटचा टाका पडला म्हणून काम संपत नाही. जागे होताना भरणारी हुडहुडी प्राणवायूची गरज वाढवते. तापमान पूर्ववत होईपर्यंत मोजणी चालू हवी.

भटक्या कुत्र्यांची नसबंदी असो वा घरच्या मांजरीची, शस्त्रक्रियेपूर्वी एवढे विचारा : तापमान कशाने मोजणार आणि शुद्ध येईपर्यंत कोण पाहणार? मुक्या जिवाला भुलीत कुडकुडताही येत नाही. तेव्हा त्याची थंडी आपणच मोजायची. जीवदयेत हेही येते.