कान्हेरी चढा, पाणी बघा!

शेतकरी बंधूंनो, मुंबईला जाणे झाले तर एक सकाळ बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानात काढा. सोमवारी ते बंद असते. कान्हेरीचा डोंगर चढा, पण नुसती लेणी पाहून परतू नका. लेण्यांलगतची टाकी बघा. कातळात खोदलेल्या पन्हळींतून पावसाचे पाणी त्यांत उतरते. भिक्षूंनी शेकडो वर्षांपूर्वी केलेली ही सोय! याच डोंगररांगेतले विहार (१८६०) व तुळशी (१८७९) तलाव आजही मुंबईला पाणी देतात. जंगल पाणी मुरवते, माती धरून ठेवते. जंगल बिबट्याचे आहे, ठरलेली वाट सोडू नका. सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी तर जरूर जावे. परतल्यावर गावचा डोंगर बोडका दिसला, तर पावसाळ्याआधी समतल चर खोदा, झाडे लावा आणि कुऱ्हाडबंदी पाळा. मग उन्हाळ्यात टँकरची वाट कमी बघावी लागेल!